झेनर डायोडमध्ये झेनर किती?



जे कोणी इलेक्ट्रॉनिक्स थोडंफार शिकलेत, मग डिप्लोमाला असो, बीएस्सीला असो की बीटेकला, त्यांना तोंडी परीक्षेत एक प्रश्न हमखास विचारला गेलेला असतो. ‘झेनर ब्रेकडाउन आणि अव्हॅलांच ब्रेकडाउन यांतला फरक सांगा.’ उत्तर म्हणजे पाच-सहा मुद्द्यांचा तक्ता. डाव्या रकान्यात झेनर, उजव्या रकान्यात अव्हॅलांच. पाठ करायचा, म्हणून दाखवायचा, एक्स्टर्नल खूश, आपण मोकळे.

तक्ता बरोबरच आहे. त्यात एवढंच सांगितलेलं नसतं की हे दोन रकाने एका दिवशी आखले गेले नाहीत. सुरुवातीला सगळा माल डाव्या रकान्यातच टाकला होता. दोन-तीन वर्षांत कळलं की त्यातला बराचसा उजवीकडचा आहे. पण तोवर नाव चिकटलं होतं. आज पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाऊन तुम्ही ‘बारा व्होल्टचा झेनर द्या’ म्हणालात, तर जो डायोड हातात पडतो त्यात झेनरने सांगितलेला परिणाम जवळजवळ नसतोच. आजचा भाग याबद्दल आहे: हे नाव कसं पडलं, आणि आत खरं काय चाललंय हे लोकांनी ओळखलं कसं.

आधी डायोड उलटा जोडला की काय होतं ते थोडक्यात. सिलिकॉनच्या एका बाजूला पी प्रकारची भेसळ, दुसऱ्या बाजूला एन प्रकारची. दोन्ही जिथे भिडतात तिथे एक पातळ पट्टा तयार होतो, ज्यात हलू शकणारे इलेक्ट्रॉन किंवा होल उरलेले नसतात. याला डिप्लिशनचा पट्टा म्हणतात. सरळ व्होल्टेज दिलं की हा पट्टा आकसतो आणि प्रवाह वाहू लागतो. उलटं दिलं की तो रुंदावतो आणि प्रवाह अडतो. अगदी शून्य होत नाही, उष्णतेमुळे अधूनमधून एखादी इलेक्ट्रॉन-होल जोडी तयार होते, ती ओढली जाते, म्हणून बारीकशी गळती राहते. उलटं व्होल्टेज वाढवत नेलं तरी ही गळती फारशी वाढत नाही. आलेख सपाट. आणि मग एका ठरावीक व्होल्टेजला तो एकदम कड्यावरून पडावा तसा खाली जातो. यालाच ब्रेकडाउन म्हणतात.

हा शब्द मला फसवा वाटतो. ‘ब्रेकडाउन’ म्हटलं की एसटी रस्त्यात बंद पडल्यासारखं वाटतं. इथे काही मोडत नाही. प्रवाहाला आवर घालणारा एक रेझिस्टर मालिकेत असेल तर डायोड तासन् तास ब्रेकडाउनमध्ये राहतो, आणि व्होल्टेज कमी केलं की पुन्हा पहिल्यासारखा शहाणा होतो. डायोड मरतो तो उष्णतेने. बारा व्होल्टचा, एक वॉटचा डायोड सुमारे ८० मिलिअँपिअर सोसतो. त्यापुढे गेलात तर जळतो, आणि तो दोष ब्रेकडाउनचा नाही, गणित न करणाऱ्याचा.

आता १९३४ सालात, इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला जाऊ. क्लॅरेन्स झेनर हा अमेरिकन तरुण तिथल्या विद्यापीठाच्या एच. एच. विल्स भौतिकी प्रयोगशाळेत होता. जन्म १९०५, गाव इंडियानापोलिस, शिक्षण हार्वर्डचं. १९३२ साली त्याने लिहिलेला एक शोधनिबंध आजही क्वांटम संगणनात वापरला जातो, लँडाउ-झेनर म्हणून, पण तो वेगळा विषय आहे. १९३४ मध्ये त्याला पडलेला प्रश्न असा होता: विजेला अडवणारे घन पदार्थ, म्हणजे इन्सुलेटर, फार मोठ्या व्होल्टेजला अचानक हार का खातात?

इथे लक्षात घ्या, १९३४ मध्ये पी-एन जंक्शन नावाची गोष्टच जगात नव्हती. बेल लॅब्जमधल्या रसेल ओलला ती सिलिकॉनच्या एका तडा गेलेल्या तुकड्यात सापडली १९४० साली. झेनरच्या डोक्यात डायोड नव्हता, असणं शक्यच नव्हतं.

त्याचं उत्तर क्वांटम भौतिकीतून आलं. इन्सुलेटरमध्ये इलेक्ट्रॉन ऊर्जेच्या एका भरलेल्या पट्ट्यात बसलेले असतात. वर रिकामा पट्टा आहे, पण मध्ये मोठी फट आहे. ती फट चढून जायला लागणारी ऊर्जा इलेक्ट्रॉनकडे नसते. पण बाहेरून प्रचंड विद्युतक्षेत्र लावलं की हे पट्टे तिरके होतात, आणि इकडच्या भरलेल्या पट्ट्याच्या अगदी शेजारी, त्याच ऊर्जेला, तिकडचा रिकामा पट्टा येतो. मधली भिंत पातळ होते. इलेक्ट्रॉन लाटेसारखा वागत असल्यामुळे त्या लाटेचं शेपूट भिंतीपलीकडे पोचतं, आणि काही इलेक्ट्रॉन थेट पलीकडे सापडतात. घाट न चढता बोगद्यातून जाण्यासारखं, फक्त बोगदा कोणी खणलेला नाही. धातूच्या पृष्ठभागातून तीव्र क्षेत्रात इलेक्ट्रॉन असेच बाहेर येतात, हे फाउलर आणि नॉर्डहाइम यांनी १९२८ मध्ये मांडलं होतं. झेनरने ती कल्पना घन पदार्थाच्या आत नेली.

त्याच्या सूत्राचं मर्म असं की क्षेत्राच्या एका मर्यादेखाली जवळपास काहीच घडत नाही, आणि मर्यादा थोडी ओलांडली की इलेक्ट्रॉनांचा लोंढा येतो. अचानक कोसळणाऱ्या इन्सुलेटरशी हे छान जुळत होतं. गंमत म्हणजे खऱ्या इन्सुलेटरमध्ये बहुतेक वेळा हे होतच नाही. तेवढं क्षेत्र येण्याच्या आधीच उष्णता किंवा इलेक्ट्रॉनांच्या धडका त्यांचा निकाल लावतात. म्हणजे उत्तर सुंदर, पण ज्या प्रश्नासाठी लिहिलं त्याला लागू न पडणारं. झेनर स्वतः पुढे धातूंकडे वळला, धातूंमधल्या अंतर्गत घर्षणावर त्याने मोलाचं काम केलं.

पंधराएक वर्षं गेली. १९४९ मध्ये विल्यम शॉकलीने पी-एन जंक्शनची सिद्धांतमांडणी छापली. तिच्यानुसार उलटा प्रवाह एका पातळीला जाऊन स्थिर राहायला हवा. प्रयोगशाळेतले जर्मेनियमचे डायोड मात्र एका व्होल्टेजला कोसळत होते. का? शॉकलीच्या गटाला झेनरचा जुना निबंध आठवला. डिप्लिशनचा पट्टा इतका पातळ असतो की थोड्या व्होल्टेजलाही त्यात अफाट क्षेत्र तयार होतं. इन्सुलेटरमध्ये जे जमलं नाही ते इथे जमत असणार. १९५१ मध्ये मॅकअफी, रायडर, शॉकली आणि स्पार्क्स या चौघांनी ‘फिजिकल रिव्ह्यू’मध्ये निबंध लिहिला, आणि त्याच्या शीर्षकातच ‘झेनर करंट’ हे शब्द होते. नाव पडलं ते असं, बेल लॅब्जमध्ये, झेनरच्या गैरहजेरीत.

मी दिवसभर कोड डीबग करून पोट भरतो, त्यामुळे इथे काय झालं ते मला फार ओळखीचं वाटतं. लॉगमध्ये एक एरर दिसतो. पूर्वी कुठेतरी हाच एरर एका विशिष्ट कारणाने आल्याचं आठवतं. कारण तार्किक असतं, आकडेही साधारण जुळतात. तिकीट बंद. पण तोच एरर अगदी वेगळ्या कारणानेही येऊ शकतो, आणि नुसतं एररकडे बघत राहून ते कधीच कळत नाही. डायोडच्या आलेखाचं तसंच आहे. कडा सारखाच दिसतो. कारण एक की दोन, हे कड्याचा आकार बघून सांगता येत नाही.

दुसरं कारण खरं तर जुनंच होतं, फक्त दुसऱ्या खोलीत पडलेलं होतं. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला जॉन टाउनसेंडने वायूंमधून वीज कशी वाहते ते शोधलं होतं. एक इलेक्ट्रॉन क्षेत्रात वेग घेतो, वायूच्या अणूला धडकतो, त्यातून आणखी एक इलेक्ट्रॉन सुटतो. आता दोन झाले. दोघेही वेग घेतात, धडकतात, चार होतात. अव्हॅलांच म्हणजे हिमस्खलन. आपल्याकडे बर्फ नाही, तर दरड म्हणा: वरून एक धोंडा सुटतो, तो वाटेतले दोन सैल करतो, आणि खाली येईपर्यंत अख्खा रस्ता बंद.

सिलिकॉनच्या आत असंच होत असेल का? हे तपासणाऱ्यांत पुढे होता केनेथ मकाय, कॅनडात जन्मलेला, बेल लॅब्जमधलाच. आणि त्याच्याबरोबर कोण, तर तोच मॅकअफी, ज्याचं नाव ‘झेनर करंट’वाल्या निबंधावर पहिलं होतं! मला ही गोष्ट फार आवडते. आपल्याच गटाचा दोन वर्षांपूर्वीचा निष्कर्ष उघडून बघायला बसणारी माणसं कमी असतात.

त्यांच्या तपासामागचा तर्क इतका सरळ आहे की ऐकल्यावर ‘एवढंच?’ वाटतं. डायोडला उलटं व्होल्टेज द्या, पण ब्रेकडाउनच्या थोडं अलीकडे थांबा. आता बाहेरून थोडे इलेक्ट्रॉन-होल आत सोडा. कसे? जंक्शनवर प्रकाश पाडा, किंवा अल्फा कणांचा मारा करा. आत किती सोडले ते माहीत आहे. बाहेर किती आले ते मोजा. बोगदा असेल तर बाहेरून सोडलेल्यांचा त्या बोगद्याशी काही संबंध नाही, जेवढे सोडले तेवढेच बाहेर येतील. दरड असेल तर सोडलेला प्रत्येक जण वाटेत नवे तयार करेल, आणि बाहेर जास्त येतील.

जास्त आले. १९५३ मध्ये छापलेल्या निकालांनुसार नेहमीच्या तापमानाला १८ पटीपर्यंत गुणाकार मिळाला. प्रकाशाने सोडा, अल्फा कणांनी सोडा, किंवा उष्णतेने आपोआप तयार झालेले असोत, सगळ्यांचा गुणाकार सारखाच. ब्रेकडाउनच्या व्होल्टेजजवळ जाल तसा तो झपाट्याने वाढत होता. टाउनसेंडच्या धाटणीचं गणित त्याला नीट बसत होतं. जाता जाता, सिलिकॉनमध्ये अल्फा कणाने एक जोडी तयार करायला सरासरी ३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात हा आकडाही याच निबंधात मिळाला. किरणोत्सार मोजणाऱ्या सिलिकॉन डिटेक्टरांसाठी तो आजही कळीचा आकडा आहे.

पण याच निबंधात आणखी एक वाक्य आहे, आणि तक्त्याचे दोन रकाने खरे तर तिथे पडतात. हे सगळं रुंद जंक्शनांबद्दल. फार अरुंद जंक्शनांमध्ये मात्र गुणाकार दिसायच्या आधीच झेनरचा प्रवाह सुरू होतो, असं त्यांनी नोंदवलं. म्हणजे झेनर चुकीचा ठरला नाही, त्याचा इलाका आकसला. पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, मकायचा सिलिकॉनवरचा निबंध आला, त्याच्या शीर्षकात ‘अव्हॅलांच ब्रेकडाउन’ होतं. दोनेक वर्षांत ब्रेकडाउनमधल्या सिलिकॉन जंक्शनमधून अंधुक प्रकाश बाहेर पडतो हेही दिसून आलं. वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन आपली जादा ऊर्जा प्रकाशाच्या रूपात टाकत होते.

आता तक्त्यातला तो मुद्दा, जो सगळे पाठ करतात आणि ज्याचं कारण क्वचित कोणी सांगतं: तापमान. डायोड गरम झाला की स्फटिकातले अणू जास्त थरथरतात. धावणाऱ्या इलेक्ट्रॉनला वाटेत जास्त अडथळे होतात, धडक देण्याइतका वेग जमवायला त्याला जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून अव्हॅलांचचं व्होल्टेज तापमानाबरोबर वाढतं. बोगद्याचं उलट. गरम झाल्यावर सिलिकॉनची ऊर्जेची फट, जी साधारण १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते, किंचित लहान होते, भिंत सोपी होते, म्हणून झेनरचं व्होल्टेज कमी होतं. एकाची चढती खूण, दुसऱ्याची उतरती. सोल्डरिंग गन जवळ नेऊन घरबसल्या ओळखता येतं की तुमच्या डायोडमध्ये कोण बसलंय.

सिलिकॉनमध्ये ढोबळ मानाने साडेचार व्होल्टच्या खाली बोगदा, पावणेसातच्या वर दरड, आणि मधल्या टापूत दोघंही. तीन व्होल्टच्या डायोडमध्ये भेसळ भरपूर असते, पट्टा अतिशय पातळ असतो, क्षेत्र सेंटिमीटरला दहा लाख व्होल्टच्या घरात जातं. पाच व्होल्टला तेवढं क्षेत्र हवं तर पट्टा ५० नॅनोमीटरचा लागतो, माणसाच्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहून कमी. अशा चिंचोळ्या जागेत धावायला, वेग घ्यायला, धडकायला अंतरच मिळत नाही. बारा व्होल्टचा डायोड बनवताना भेसळ कमी ठेवतात, पट्टा रुंद होतो, क्षेत्र तुलनेने कमी पण धावपट्टी लांब. तिथे दरडच. तुमच्या अडॅप्टरमधला वन-एन-४००७, हजार व्होल्ट सोसण्याची हमी असलेला, तोही कधी कोसळला तर दरडीनेच कोसळणार. २३० व्होल्टच्या मेन्सचं शिखर ३२५ व्होल्टला असतं, त्यामुळे सहसा ती वेळ येत नाही.

आणि मधला टापू सगळ्यात कामाचा निघाला. पाच ते सहा व्होल्टच्या दरम्यान एकाचं चढणं आणि दुसऱ्याचं उतरणं जवळपास फिटतं. म्हणून ५.६ व्होल्टच्या आसपासचा डायोड तापमानाला फारसा हलत नाही. हे फक्त ‘झेनर परिणाम’ म्हणून बघणाऱ्याला कधीच समजलं नसतं. दोन कारणं आहेत हे कळल्यावरच एकाला दुसऱ्याविरुद्ध उभं करता येतं.

मग निखळ झेनर परिणामाचं काय झालं? १९५७ मध्ये दोन ठिकाणी त्याच्या मागे लोक होते. बेल लॅब्जमध्ये चिनोवेथ आणि मकाय यांनी सिलिकॉनच्या अरुंद जंक्शनमधल्या या अंतर्गत उत्सर्जनावर निबंध छापला. आणि टोकियोत, पुढे सोनी झालेल्या कंपनीत, लिओ एसाकी जर्मेनियममध्ये भेसळ वाढवत वाढवत पट्टा आणखी आणखी अरुंद करत होता. साधारण १५ नॅनोमीटरला पोचल्यावर डायोड विचित्र वागू लागला. उलट्या दिशेला अडवणं त्याने सोडूनच दिलं, सरळपेक्षा उलटा जास्त वाहू लागला! आणि सरळ दिशेला प्रवाह आधी वाढला, मग व्होल्टेज वाढवलं तरी कमी झाला, मग पुन्हा वाढला. हा एसाकीचा टनेल डायोड, निबंध १९५८ चा.

यात एक जुना हिशोबही चुकता झाला. १९३२ च्या सुमाराला काही सिद्धांतकारांनी धातू आणि अर्धवाहक यांच्या जोडावरचं एकदिशीकरण बोगद्याने समजावून सांगायचा प्रयत्न केला होता. गणितातून प्रवाहाची दिशा नेमकी उलटी निघत होती, म्हणून तो सिद्धांत बाजूला पडला. पंचवीस वर्षांनी एसाकीचा डायोड त्याच ‘उलट्या’ दिशेला वाहत होता. एसाकीला १९७३ चं नोबेल मिळालं, गिएव्हर आणि जोसेफसन यांच्याबरोबर. झेनरला नोबेल मिळालं नाही. त्याचा शिकागोचा पीएचडीचा विद्यार्थी जॉन गुडइनफ याला मात्र मिळालं, २०१९ मध्ये, लिथियम-आयन बॅटरीसाठी, वयाच्या ९७ व्या वर्षी. झेनर १९९३ मध्येच गेला होता.

नाव बदलायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. आजही काही डेटाशीटांवर ‘झेनर’ न लिहिता ‘व्होल्टेज रेग्युलेटर डायोड’ लिहिलेलं असतं. ते बरोबर आहे, पण दुकानात असं कोणी मागत नाही. मला स्वतःला नाव बदलायची घाई वाटत नाही, मात्र शिकवताना तक्ता देण्याआधी ती गोष्ट द्यावी असं वाटतं. प्रकाश पाडला, मोजलं, १८ पट आले, हे तीन वाक्यांत सांगता येतं.

दरडीचे उपयोगही आता खिशात आलेत. फोनमधले अंतर मोजणारे काही सेन्सर अव्हॅलांचच्या उंबरठ्यावर, थोडं पलीकडेच, ताणून ठेवलेल्या डायोडांचे असतात. प्रकाशाचा एकच कण आला तरी दरड कोसळते आणि मोजली जाते. मकायचा प्रयोगच, फक्त उलटा वापरलेला. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना लागणारे खरेखुरे यादृच्छिक आकडे मिळवायचा एक जुना मार्ग म्हणजे ब्रेकडाउनमधल्या डायोडची खरखर. दरड नेमकी कधी सुटेल हे कोणालाच सांगता येत नाही, म्हणून ती खरखर कामाची.

आणि अचूक मोजमापाच्या प्रयोगशाळांत एलटीझेड-१००० नावाची एक चिप असते, सुमारे सात व्होल्टचा संदर्भ देणारी. तिचा डायोड सिलिकॉनच्या पृष्ठभागाखाली पुरलेला आहे, म्हणजे वरच्या घाणीचा आणि खरखरीचा त्रास नको. शेजारी हीटर आहे, चिपला एकाच तापमानाला ठेवणारा. चढत्या व्होल्टेजला ट्रान्झिस्टरच्या उतरत्या व्होल्टेजने तोललेलं आहे. या जातीच्या संदर्भांना सगळे ‘झेनर रेफरन्स’ म्हणतात, आणि आत बहुतांशी दरड असते. हे संदर्भ बरोबर आहेत की नाहीत हे ज्याच्याशी ताडून बघतात तो व्होल्ट अतिवाहकांच्या एका जोडणीतून मिळतो, आणि त्या जोडणीतही इलेक्ट्रॉनांच्या जोड्या पातळ भिंतीतून बोगद्यानेच पार होतात. ती जोडणी जोसेफसनची, एसाकीबरोबर १९७३ मध्ये मंचावर असलेल्या त्याच जोसेफसनची. त्याच्याबद्दल पुढच्या भागात.